घरचा स्प्लिट एसी: घेताना, बसवताना आणि चालवताना सगळे विचारतात ते प्रश्न

मार्च संपत आला की आम्हा फिटिंग-सर्व्हिसवाल्यांचा फोन जूनपर्यंत काही शांत बसत नाही, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. आम्ही ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कामं करतो, त्यामुळे दमट हवेचा अनुभव जास्त, पण नागपूर-संभाजीनगरकडचे लोकही विचारतात म्हणून तिथलंही थोडं टाकलंय. कुठल्या कंपनीचा घ्यावा हे मात्र इथे शोधू नका. चाळीस-पन्नास हजाराचं मशीन घ्यायला लोक महिनाभर व्हिडिओ बघतात आणि ते बसवायला आलेल्या पोराला "लवकर आटप रे" म्हणतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारींचं मूळ त्या दोन तासांत असतं.

एक टन घेऊ की दीड टन?

आधी टन म्हणजे वजन नव्हे हे लक्षात घ्या, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन, आकड्यात १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) ताशी किंवा साधारण साडेतीन किलोवॅट. १०० ते १२० स्क्वेअर फुटाची बेडरूम असेल, वर अजून मजले असतील तर एक टन पुरतो. १५० ते १८० ला दीड टन. पण टॉप फ्लोअर असेल, पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असेल, किंवा हॉलला किचन उघडं जोडलेलं असेल तर एक पायरी वर जा. आपल्या मुंबई-ठाण्यातल्या दहा बाय दहाच्या बेडरूमला दोन टन लावून काही जण मोठेपणा करतात, त्याने खोली पटकन गार होते पण हवेतला दमटपणा निघायच्या आत कॉम्प्रेसर थांबतो, मग गार पण चिकट असं विचित्र वाटत राहतं.

नागपूरला ४५ डिग्रीत दीड टन दीड टनासारखाच चालतो का?

नाही. एसीची जी क्षमता छापलेली असते ती बाहेर ३५ डिग्री आणि आत २७ डिग्री धरून मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की क्षमता कमी होते आणि वीज जास्त लागते. जाहिरातीत "५२ डिग्रीतही चालतो" असं असतं, त्याचा अर्थ बंद पडणार नाही एवढाच, तेवढंच गार करेल असा नाही. त्यामुळे विदर्भात, खान्देशात, मराठवाड्यात खोलीच्या मापापेक्षा थोडा मोठाच घ्या. आणि खरं सांगू का, नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये चांगला डेझर्ट कूलर खिडकीत बसवला तर दिवसाचं काम एसीच्या कितीतरी कमी विजेत होतं, एसी रात्री आणि जूनच्या दमट दिवसांसाठी ठेवा. मुंबईत मात्र कूलरचा काही उपयोग नाही, हवेत आधीच एवढं पाणी आहे की अजून पाणी ती घेणार कुठे.

इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा का?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याची चूक नाही, नावच तसं ठेवलंय. त्या इन्व्हर्टरचा घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी काही संबंध नाही. साधा एसी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालवतो, खोली गार झाली की बंद करतो, परत चालू करतो. इन्व्हर्टरवाला कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, भाताला उकळी आली की आपण गॅस बारीक करतो तसं. खोली एकदा गार झाली की तो अगदी हळू चालत राहतो आणि वीज तिथेच वाचते. रात्रभर चालवणाऱ्याला फायदा जास्त, पाहुणे आले की अर्धा तास लावणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

थ्री स्टार की फाइव्ह स्टार?

एसीवरच्या स्टारच्या स्टिकरवर दोन आकडे बघा, एक आयसीअर (ISEER) म्हणजे किती वीज घालून किती गारवा मिळतो त्याचं प्रमाण, आणि दुसरा वर्षाचे युनिट. तो वर्षाचा आकडा १६०० तास चालवला असं धरून काढलेला असतो. दीड टनाच्या फाइव्ह स्टारवर साधारण साडेसातशेच्या आसपास आणि थ्री स्टारवर साडेनऊशेच्या आसपास आकडा धरू, म्हणजे १६०० तासांत दोनशे युनिटचा फरक. दहा रुपये युनिट धरा, वर्षाला दोन हजार वाचले. आता तुम्ही खरंच १६०० तास चालवता का ते बघा. मार्च ते ऑक्टोबर रोज रात्री सात तास चालवणारं घर तिथे पोचतं, त्यांनी डोळे झाकून फाइव्ह स्टार घ्यावा. पण फक्त एप्रिल-मेमध्ये रोज चार तास म्हणजे २४० तास होतात, तिथे वर्षाला ३० युनिट म्हणजे तीनशे रुपये वाचणार, त्यासाठी आठ-दहा हजार जास्त मोजण्यात काय अर्थ आहे? आणि अजून एक, बीईई म्हणजे स्टार ठरवणारी सरकारी संस्था हे स्टारचे निकष अधूनमधून कडक करते, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला फाइव्ह स्टार नवीन हिशोबात फोर किंवा थ्री निघू शकतो. दुकानदार "फाइव्ह स्टार आहे, ऑफरमध्ये आहे" म्हणाला की स्टिकरवरचा लेबलचा कालावधी वाचा आणि आयसीअरचा आकडा दुसऱ्या एसीशी पडताळा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय हेही ध्यानात ठेवून जुन्या बिलाशी तुलना करा.

इनडोअर नक्की कुठे लावायचा?

सात ते आठ फूट उंचीवर, वर छतापासून निदान अर्धा फूट जागा सोडून, कारण स्प्लिट हवा वरून ओढतो. बरेच जण फॉल्स सीलिंगला चिकटवून लावतात, दिसतं छान, पण त्याला श्वासच घेता येत नाही. हवा पलंगावर थेट डोक्यावर येऊ नये, आडवी वरून जावी. जवळच्या जवळ बाहेरची भिंत असेल तर उत्तम, पाइप छोटा, ड्रेन म्हणजे पाणी बाहेर जायचा पाइप सरळ. टीव्हीच्या किंवा स्विचबोर्डच्या बरोब्बर वर लावू नका, कधी ना कधी एकदा तरी पाणी टपकतंच.

आणि आउटडोअर?

आउटडोअर मागून आणि बाजूने हवा घेतो आणि पुढून गरम हवा फेकतो. मागे साधारण एक फूट आणि पुढे मोकळं पाहिजे, समोर भिंत असेल तर निदान दोन-अडीच फूट तरी. आता आपल्या सोसायट्यांत काय होतं, बिल्डरने एक अरुंद डक्ट दिलेला असतो, त्यात एकाखाली एक सात मजल्यांचे आउटडोअर, खालच्याची गरम हवा वरच्याच्या पोटात, मग सातव्या मजल्यावरचा म्हणतो माझाच एसी का थकतो. शक्य असेल तर मोकळ्या बाजूला छज्जावर घ्या. काही लोक "खराब दिसतं" म्हणून आउटडोअरला सगळीकडून लूव्हरची पेटी करतात, ती पेटी आतून भट्टी होते आणि बिल चुपचाप वाढतं.

आणखी एक, आउटडोअरपर्यंत माणूस सुरक्षित पोचला पाहिजे. खिडकीबाहेर लटकून बसवलेल्या आउटडोअरला पुढे सर्व्हिसला कोणी हात लावायला तयार होत नाही, आणि तयार झाला तर तुम्हीच त्याला बेल्ट लावल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

सोसायटीची परवानगी लागते का?

आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर, डक्टमध्ये किंवा टेरेसवर येणार असेल तर बहुतेक सोसायट्या अर्ज मागतात, आधीच देऊन टाका. भांडणं परवानगीवरून कमी आणि पाण्यावरून जास्त होतात. ड्रेनचा पाइप मोकळा सोडला आणि खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपटप सुरू झालं की मग एनओसी दाखवून काही उपयोग नाही. ड्रेन बाथरूमच्या जाळीत किंवा पावसाळी पाइपात न्या.

बसवताना मी समोर उभं राहून काय काय बघू?

हाच खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि हाच लोक सगळ्यात कमी विचारतात.

पहिलं भोक. कोअर कटिंग मशीनने अडीच-तीन इंचाचं गोल भोक पडतं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि ड्रेनलाही उतार मिळतो. बीम किंवा कॉलममधून भोक पाडायला अजिबात द्यायचं नाही, सळई लागली की तिथेच थांबा म्हणायचं. छन्नी-हातोड्याने ठोकून पाडणारे अजून आहेत, मग अर्धं प्लॅस्टर खाली.

मग पाइप. तांब्याचे दोन पाइप असतात, एक जाड एक बारीक, दोघांना वेगवेगळं इन्सुलेशन पाहिजे, दोन्ही एकाच फोममध्ये गुंडाळले तर गारवा तिथेच वाया जातो. किटमध्ये साधारण तीन मीटर पाइप मिळतो, त्यावर लागला की जास्तीचे पैसे, ते आधीच विचारून घ्या, कारण फिटिंग झाल्यावरची घासाघीस कोणालाच आवडत नाही. फार लांब पाइप गेला तर गॅसही वजन करून वाढवावा लागतो, मीटरमागे किती ग्रॅम ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पाइप वाकवताना चेपला का ते हात फिरवून बघा. टोकाला फ्लेअर करतात, म्हणजे पाइपाचं तोंड फुलासारखं रुंद करून नट आवळतात. ते तोंड तिरकं किंवा चिरलेलं असेल तर गॅस हळूहळू निघून जाणार, सहा महिन्यांनी कळणार.

आता व्हॅक्यूम. जोडणी झाल्यावर पाइपात आपली घरातली दमट हवा भरलेली असते, ती व्हॅक्यूम पंप लावून खेचून काढायची असते, पंप निदान पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे. मग पंप बंद करून दहा मिनिटं गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर जोड पक्के, वर सरकायला लागला तर कुठेतरी हवा शिरतेय. हे सगळं टाळायला काय करतात, आउटडोअरचा व्हॉल्व्ह जरासा उघडून आतलाच थोडा गॅस "फुस्स" करून सोडतात, हवा निघाली म्हणतात, दोन मिनिटांत काम खतम. त्याने ओलावा आतच राहतो, तेल खराब होतं, कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं, आणि हल्लीच्या आर-३२ गॅसला आग लागू शकते म्हणून असा खोलीत किंवा बंद बाल्कनीत गॅस सोडणं धोक्याचं पण आहे. बुकिंग करतानाच विचारा, "व्हॅक्यूम पंप आणणार ना?" नाही म्हणाला तर दुसरा माणूस बोलवा. माझ्याच धंद्यातले लोक नाराज होतील पण हे लिहायलाच पाहिजे.

शेवटी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, आणि इनडोअरच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतायचं. पाणी बाहेर ड्रेनच्या तोंडाला धार धरून आलं पाहिजे. थांबत थांबत आलं तर पाइप मध्ये कुठेतरी वर उचललाय, आत्ताच सरळ करून घ्या, नाहीतर जुलैत भिंतीवर ओघळ दिसतील. लेव्हल पट्टीपण लावून बघा, इनडोअर ड्रेनच्या विरुद्ध बाजूला झुकलेला नको.

वायरिंग जुनंच चालेल का?

बहुतेक जुन्या घरांत नाही चालत. गीझरच्या किंवा पंख्याच्या लाइनवर एसी टाकू नका. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून, स्वतंत्र लाइन काढा, दीड टनाला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी असला की डोकं शांत. सॉकेट जाड तीन पिनवाला, आणि अर्थिंग खरोखर असलं पाहिजे, नुसतं तिसरं भोक असून भागत नाही. प्लग गरम लागत असेल किंवा काळा पडला असेल तर एसी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, "अजून एक उन्हाळा काढू" असं करू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी लावणाऱ्यांना काय सांगायचं, हात जोडतो.

स्टॅबिलायझर लागतो का? खोक्यावर तर "स्टॅबिलायझर फ्री" लिहिलंय

त्याचा अर्थ अमुक ते अमुक व्होल्टेजमध्ये एसी बिनास्टॅबिलायझरचा चालतो, ती रेंज पुस्तकात दिलेली असते. मुंबई-पुण्यात व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असतं, तिथे नाही लावला तरी चालतं. गावाकडे जिथे संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो आणि लाइट परत येताना एकदम झटका देते तिथे लावा, दीड टनाला ४ केव्हीएचा. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड महाग असतो, वॉरंटीनंतर उडाला की स्टॅबिलायझरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त जातात.

किती डिग्रीवर चालवायचा?

२४ ते २६, वर पंखा एक किंवा दोनवर. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि बीईईच्या हिशोबाने सेटिंग एक डिग्री वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. १८ वरून २५ वर आलात तर काय होईल ते तुम्हीच धरा. पंख्याची हवा अंगावर लागली की तीच खोली दोन-तीन डिग्री गार वाटते आणि पंखा खातो किती, जुना ७५ वॅट, नवीन बीएलडीसी मोटरवाला त्याच्या निम्म्याहून कमी. "एसीत पंखा लावू नये, गरम हवा खाली येते" असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आठवडाभर करून बघा. फक्त टॉप फ्लोअरला दुपारी तापलेल्या स्लॅबखाली सुरुवातीची पंधरा मिनिटं पंखा बंद ठेवला तर चालेल.

१६ वर लावला तर लवकर गार होतो ना?

नाही होत. २४ वर लावा किंवा १६ वर, खोली ३४ ची असताना एसी पूर्ण जोरातच चालतो. फरक नंतर पडतो, २४ वाला २४ ला पोचून दम खातो आणि १६ वाला पहाटेपर्यंत धावत बसतो, आणि घरातले सगळे दुलई घेऊन झोपलेले. घाई असेल तर दहा मिनिटं टर्बो लावा.

रात्री कुठला मोड?

स्लीप मोड. तो दर तासाला थोडं थोडं तापमान वर नेतो, पहाटे तसंही बाहेर गार झालेलं असतं. ज्यांच्या रिमोटवर क्षमता कमी करायचं बटण आहे, ते फाइव्ह-इन-वन वगैरे म्हणतात ते, त्यांनी रात्री एक-दोन माणसं असताना ६० किंवा ८० टक्क्यांवर टाकावं. हे बटण पैसे देऊन घेतलेलं असतं आणि बहुतेक घरांत कोणी दाबलेलंच नसतं.

पावसाळ्यात, कोकणात-गोव्यात तर विशेष, ड्राय मोड वापरून बघा. जुलैत गरमी कमी आणि चिकचिक जास्त असते, ड्राय मोड हवेतलं पाणी काढतो आणि कूल मोडपेक्षा कमी वीज खातो. मेच्या दुपारी मात्र ड्राय मोडकडून अपेक्षा ठेवू नका.

बाहेर जाताना बंद करू की चालूच ठेवू?

दुकानात कोपऱ्यावर जाऊन येणार असाल तर राहू दे. तासाभराच्या वर जाणार तर बंद करा. "परत गार करायला जास्त वीज लागते" हे अर्धवट ऐकलेलं आहे, बंद असताना जी वीज वाचते ती परत गार करायला लागणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. बंद करून लगेच चालू केला तर तीनेक मिनिटं कॉम्प्रेसर सुरू होत नाही, घाबरू नका, तो मुद्दाम थांबतो. आणि रिमोटने बंद करा, थेट मेन स्विच खाली पाडायची सवय सोडा.

महिन्याला बिल किती वाढेल?

दीड टन फाइव्ह स्टार, रात्री आठ तास, २५ वर, दारं-खिडक्या बंद. पहिला तासभर जास्त खातो, मग सरासरी तासाला अर्धा युनिट पकडा, रात्रीचे चार, महिन्याचे १२०. मेमध्ये टॉप फ्लोअरला हेच १८० च्या घरात जाऊ शकतं. पण रुपयांचा हिशोब इथे संपत नाही, कारण महावितरणचे घरगुती स्लॅब आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर, आणि प्रत्येक पायरीला दर चढतो. तुमचा आधीचा वापर १८० युनिट असेल आणि एसीचे १५० आले तर एकूण ३३० झाले, म्हणजे एसीच्या युनिटांपैकी शेवटचे ३० वरच्या दराने लागले. चढा दर त्या ३० लाच लागतो, सगळ्या ३३० ला लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तरी अशा घरात २५ चं २६ केलं की वाचलेले युनिट महागड्या स्लॅबमधूनच कमी होतात. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा ज्याची लाइन असेल त्याचं दरपत्रक बघा.

घरातच काही केलं तर एसीचं काम कमी होईल का?

खूप. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, शक्य असेल तर बाहेरून ताडपत्री किंवा चटई, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून निम्माच फायदा मिळतो. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. टॉप फ्लोअरला गच्चीवर पांढरा चुना किंवा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारला की संध्याकाळी स्लॅबला हात लावून फरक कळतो. वन बीएचकेत हॉलचा एसी लावून बेडरूमचं दार उघडं ठेवायचं आणि सगळं घर गार करायचं ही हौस महागात पडते.

फिल्टर कधी धुवायचा?

दर पंधरा दिवसांनी. वरचं झाकण उघडायचं, दोन जाळ्या काढायच्या, नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडायचं, सावलीत वाळवून परत लावायच्या, झालं. रस्त्यालगत घर असेल, समोर बांधकाम चालू असेल तर आठवड्यानेच. जाळी चोंदली की हवा कमी येते, आतल्या कॉइलवर, म्हणजे जिच्यावरून हवा जाऊन गार होते त्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतो, मग तो वितळून खोलीत पाणी, आणि आम्हाला फोन "गॅस गेला वाटतं". आम्ही येतो, फिल्टर धुतो, व्हिजिटचे पैसे घेतो. कशाला देता?

वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, जेट पंपाची सर्व्हिस करून घ्या, आउटडोअरची कॉइलसुद्धा. नुसता इनडोअर पुसून जाणाऱ्याला परत बोलवू नका. समुद्राजवळ, खाडीजवळ, उघड्या नाल्याजवळ राहणाऱ्यांनी आउटडोअर मधूनमधून साध्या पाण्याने धुवून घ्या, खारी हवा आणि नाल्याचा गॅस दोन्ही कॉइल खातात, अशा ठिकाणी वरून कोटिंग असलेलीच कॉइल घ्या.

सर्व्हिसवाला दर वर्षी म्हणतो गॅस कमी झालाय, टॉप-अप करू का?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद पाइपात तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरला तर पुढच्या वर्षी परत भरणार. त्याला सांगा आधी लीक दाखव, जोड दुरुस्त कर, व्हॅक्यूम कर, मग आउटडोअरच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढे काट्यावर मोजून भर. वजनकाटा न आणता नुसतं पाइपाला हात लावून "हां, आता बरोबर झाला" म्हणणाऱ्यापासून जपून. स्टिकरवर गॅसचं नावपण असतं, जुन्यात आर-२२ किंवा आर-४१०ए, हल्ली जास्त करून आर-३२, काहींत आर-२९०. एकाच्या जागी दुसरा भरायचा नाही. आर-२९० म्हणजे प्रोपेनच, त्याला शिकलेलाच माणूस पाहिजे.

आतून पाणी गळतंय

बहुतेक वेळा ड्रेनमध्ये शेवाळ-धूळ अडकलेली असते, कधी आत किडा-मुंगीचं घर. फिल्टर बघा, ड्रेनचं बाहेरचं तोंड बघा, ते बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असलं तरी पाणी मागे फिरतं.

ते एसीचं पाणी झाडांना, लादी पुसायला बिनधास्त वापरा, दमट दिवसांत तासाला लिटरभर सहज निघतं. प्यायचं नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पण घालायचं नाही, कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात असतात.

चालू केल्यावर घाण वास येतो

आतल्या ओल्या कॉइलवर बुरशी धरते. बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं फॅन मोडवर चालवा, आतलं सगळं सुकतं. ऑटो क्लीन असेल तर तो हेच करतो, म्हणून बंद केल्यावर पाती थोडा वेळ उघडी राहतात, मध्येच मेन बंद करू नका.

आउटडोअरमध्ये पाल गेली आणि एसी बंद पडला, असं होतं का?

होतं, आणि आम्ही ते पावसाळ्यात नेहमी बघतो. पीसीबीजवळ ऊब असते, पाल आत शिरते, दोन टोकांना एकदम चिकटली की शॉर्ट. ती पाल गेलीच, वर तुमचे हजारो रुपये. वायर जिथून आत जातात तिथल्या फटी बंद आहेत का ते फिटिंगच्या वेळीच बघा. कबुतरं घरटं करतात त्यासाठी जाळी लावा पण लांबून, अंगाला चिकटवून नको. एसी वापरत नसाल तेव्हा आउटडोअरला प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदरांना आयतं घर मिळतं.

दिवसभर एसीत बसलं तर ताजी हवा मिळते का?

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. चार माणसं बंद खोलीत झोपली की सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळेही असू शकतं. झोपायच्या आधी दहा मिनिटं खिडक्या उघडा, किंवा दाराची फट थोडी ठेवा.

सोलर लावला तर एसी फुकट?

साधारण एक किलोवॅट सोलरमधून दिवसाला चार युनिट मिळतात, आणि वरच्या हिशोबाने एसीची एक रात्र पण चारच युनिटची. रात्री ऊन नसतं पण नेट मीटरिंग असेल तर दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरातून वळते होतात. स्वतःची गच्ची असणाऱ्यांना पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांना गच्ची सोसायटीची, त्यामुळे तिथे गाडी मीटिंगमध्ये अडकते.

भाड्याचं घर आहे, सोडताना एसी कसा न्यायचा?

काढायच्या आधी पंप डाउन करून घ्या, म्हणजे एसी चालू ठेवून बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाड पाइपाचा पण बंद करायचा आणि मग लगेच एसी बंद. असं केलं तर गॅस वाचतो. शिफ्टिंगवाल्या हमालांना हे येत नाही, ते पाइप कापून मोकळे होतात, म्हणून एसीचा माणूस टेम्पो यायच्या आदल्या दिवशीच बोलवा. पाइपांची तोंडं टेपने बंद, आउटडोअर गाडीत उभाच ठेवायचा, आडवा नाही. नव्या घरात जुनं फ्लेअर तसंच परत आवळू देऊ नका, टोक कापून नवीन करायला सांगा, व्हॅक्यूम पण परत पहिल्यापासून. भोकाचं काय करायचं ते घरमालकाशी आधीच बोलून घ्या, डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापलेले मी बरेच बघितलेत.

वॉरंटीचा कागद कुठे ठेवू?

कागदाचा फोटो काढून ठेवा, सोबत बिल आणि आउटडोअरवरच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो पण, आणि तो फिटिंगच्या दिवशीच काढा, कारण दोन पावसाळ्यांनंतर स्टिकर पुसट होतो आणि छज्जावर उतरून तो वाचायला कोणी जात नाही. कॉम्प्रेसरला दहा वर्षं असली तरी गॅस, पीसीबी, व्हिजिट चार्ज यांचं वेगळं असतं, ते बारीक अक्षर दुकानातच वाचून घ्या.